तिसऱ्या मजल्यावरचं नवं कुलूप

आमच्या इमारतीत अशी बातमी पसरली की किल्लीकाकांनी ऐन सणाच्या दिवशी सख्ख्या भावाच्या घराचं कुलूप फोडलं. कोणी म्हणालं हातोड्याने, कोणी म्हणालं पहारीने. दुसऱ्या दिवशी बातमी चौकापर्यंत पोचली, तोवर तिच्यात आईचे दागिने आले होते आणि थोरल्या भावाच्या कपाळाला चार टाकेही पडले होते.

सगळं खोटं. आणि बातमी मी पसरवली नाही, हेही आधीच सांगून टाकते. मी फक्त तिघींना म्हटलं होतं, की किल्लीकाका भावाच्या दारासमोर उकिडवे बसलेत. हातोडा पुढच्यांनी घातला. अहो, जो माणूस दोन तारांनी, बोलता बोलता कुलूप उघडतो, त्याला पहार कशाला लागते? त्यांनी कुलूप फोडलं नाही. उघडलंसुद्धा नाही. उघडता येत असून उघडलं नाही, खरी भानगड तिथेच आहे.

किल्लीकाका तळमजल्यावर राहतात. रस्त्याच्या बाजूला त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक दार, एक फळी आणि किल्ल्या कापायचं एक यंत्र. ते चालू झालं की पहिल्या मजल्यावर माझे दात शिवशिवतात. साठीला टेकलेत. लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं तर "माप जुळलं नाही" एवढंच उत्तर. कमरेला कायम किल्ल्यांचा जुडगा, त्यामुळे तोंडावर किल्लीकाका आणि पाठीमागे नुसतं जुडगा. ते मला बातमीबाई म्हणतात. तेही तोंडावर.

तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून उजवं दार, तिथे त्यांचे थोरले भाऊ. टपाल कचेरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, पेपरची घडीसुद्धा पट्टीने घातल्यासारखी घालणारे. त्यांच्या बायकोला सगळा जिना वहिनीच म्हणतो. दोघे भाऊ त्याच घरात वाढले. आई गेल्यावर घर थोरल्यांकडे राहिलं, दुकान धाकट्याकडे. त्यावरून कधी आवाज चढला नाही. चढला असता तर मला कळलं असतं. माझं दार जिन्याच्या अगदी तोंडाशी आहे.

इमारतीत तेरा बिऱ्हाडं. काकांचं सोडून बाराही घरांची एकेक किल्ली काकांच्या खोलीत, भिंतीवरच्या फळीला खिळ्यांवर टांगलेली. कोणी बाहेर अडकलं, कोणाचा नळ उघडा राहिला, कोणाची आजी आतून दार उघडेना, की "काका!" अशी हाक. पण या किल्ल्यांचा खरा दिवस म्हणजे सणाचा.

वर्षातला सगळ्यात मोठा सण. सुट्टी असते ती शाळांना आणि कचेऱ्यांना. आमच्याकडे राहतात नर्सबाई, बसचा ड्रायव्हर, औषधाच्या दुकानातल्या दोघी बहिणी, बेकरीवाला. सणाच्या दिवशी यांना दुप्पट काम. त्यामुळे इमारतीचं जेवण दुपारी चार वाजता, मागच्या अंगणात, तेरा घरांची तेरा टेबलं जोडून. एकाही टेबलाची उंची दुसऱ्याशी जुळत नाही, म्हणून डाव्या टोकाला ठेवलेलं लिंबू उजव्या टोकाच्या माणसाला मागावं लागत नाही, ते आपणच घरंगळत जातं. प्रत्येक घराने एकच पदार्थ करायचा, पण चाळीस माणसांना पुरेल असा. आणि करणारी माणसं तर सकाळीच कामाला गेलेली!

म्हणून काका. सकाळी मंडळी पातेलं आचेवर ठेवणार, पीठ फुगत ठेवणार, ओव्हनमध्ये केक सारणार आणि निघून जाणार. त्या दिवशी काका दुकान बंद ठेवतात. साडेदहा ते तीन, हातात जुडगा, खिशात यादी, आणि जिन्यावर वरखाली. "दुसरा मजला, डावं दार, पावणेबाराला भाजी ढवळणे." "पहिला मजला, मधलं दार, पीठ दाबून पुन्हा झाकणे." "तिसरा मजला, उजवं दार, बाराला सूप बंद." एकदा त्यांनी यादी उलटी धरली आणि बेकरीवाल्याच्या पावाला अर्धा तास जास्त आच दिली. तो पाव आम्ही करवतीने कापला. बेकरीवाला अजून म्हणतो की तो पाव नव्हता, वीट होती, आणि काका अजून म्हणतात की धंदा बेकरीचा असला तरी पीठ त्याचंच कडक होतं.

प्रत्येक घरात टेबलावर काकांसाठी चिठ्ठी असायची, आणि चिठ्ठीवर वजन म्हणून काहीतरी खायचं. "काका, भात झाला की बंद. बशीखाली बिस्किटं." "काका, मांजराला आत घेऊ नका, ती खोटं बोलते." अशा चिठ्ठ्या त्यांनी एका डब्यात साठवल्यात. मी डबा बघितलाय. कसा बघितला ते विचारू नका.

मी एकदा त्यांना खोदून विचारलं, "काका, सगळ्यांची रिकामी घरं बघता तुम्ही. कोणाचं काय काय दिसतं, सांगा ना."

काका म्हणाले, "दिसतं तर. कोणीतरी कोणाच्या गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा तीन वाट्यांत काढून ठेवलेल्या दिसतात. कोणाचं ताट झाकलेलं, झाकणावर दगड. कोणी भांडून गेलेलं असतं, पण जाताना दुसऱ्याच्या चपला उन्हातून सावलीत सरकवून गेलेलं असतं. माणसं घरात असली की हे दिसत नाही, बाई. आवाज फार असतो."

"कोण भांडून गेलं होतं?" मी लगेच.

"बघा. चपला नाही विचारल्यात."

त्यांच्याकडे बाराही घरांच्या किल्ल्या आणि बातमी एकही नाही. माझ्याकडे किल्ली एकच, माझी, आणि बातम्या बाराही घरांच्या. देवाने वाटप करताना काहीतरी गडबड केली.

जेवणाआधी आमची एक पद्धत आहे. नर्सबाईंनी सुरू केलेली. पहिला घास घेण्याआधी प्रत्येक घरातल्या एकाने उठून वर्षातल्या एका बारीकशा गोष्टीबद्दल दुसऱ्या घराचे आभार मानायचे. बारीकच. मोठ्या उपकारांना बंदी, कारण ते सांगताना माणसं रडतात आणि सूप गार होतं. "तुम्ही माझं वाळत घातलेलं पावसातून आत घेतलंत," असं. "तुम्ही माझ्या खोकल्याबद्दल तक्रार केली नाहीत," असं. दर वर्षी तेरातली निम्मी आभारप्रदर्शनं काकांच्या नावाने. काका मान खाली घालून मिठाच्या बाटलीचं झाकण फिरवत बसायचे. ते एक झाकण आटे झिजून कायमचं गेलं.

आता बुधवारचं सांगते. बुधवारी काकांचं दुकान दुपारी बंद. आई होती तोवर ते बुधवारी वर जायचे, आईला जेवायला घालायचे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी तिच्याजवळ बसायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली. थोरले आणि वहिनी बुधवारी दुपारी वाचनालयात जातात. आणि बुधवारी दुपारी काका वर जातच राहिले. किल्ली होतीच. जायचे, खिडकीपाशी वीस मिनिटं बसायचे, खाली यायचे. मी दारातून बघायची. एकदा पक्कड हातात, एकदा तेलाची कुपी. वहिनींच्या कपाटाचं दार करकरायचं बंद झालं, खिडकीची कडी नीट लागायला लागली, आणि वहिनींना वाटायचं की हवा बदलली.

ही गोष्ट वहिनींना कोणी सांगितली? मी सांगितली. गंमत म्हणून. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हटलं, "वहिनी, बुधवारी तुमच्याकडे पाहुणे असतात हं, तुम्ही नसताना." वहिनी समजल्या आणि हसल्या. "बसेनात का," म्हणाल्या. मग त्यांनी ते घरी जाऊन थोरल्यांना हसत हसत सांगितलं. थोरले हसले नाहीत.

पुढे चार-पाच दिवसांनी, काका गिऱ्हाईकात बुडालेले असताना, चौकातला कुलूपवाला पिशवी घेऊन आमचा जिना चढला. सणाला गावाला जाणारे लोक त्या आठवड्यात कुलपं घेतात, काकांना मान वर करायला फुरसत नव्हती. मी दारातच होते. म्हटलं, हा इथे कसा? आमच्या इमारतीत कुलूप बिघडलं तर कोणी चौकात जातं का? वरून खटखट ऐकू आली, स्क्रू फिरल्याचा आवाज आला, आणि अर्ध्या तासाने तो मिशीला पीळ देत उतरला. मला कळायचं ते कळलं. आयुष्यात एकदाच मी तोंड मिटून बसले, आणि तेही नेमकं नको त्या वेळी.

मधला बुधवार जिना धुण्यात गेला. सणाआधी प्रत्येक मजला आपापला जिना धुतो आणि सगळं पाणी तळमजल्यावर काकांच्या अंगावर येतं. ते झाडू घेऊन खालीच उभे असतात आणि वरच्यांना नावं ठेवतात. तिसऱ्या मजल्याचं पाणी आलं तेव्हा ओरडले, "दादा, घासलंस की नुसतं ओतलंस?" वरून थोरले म्हणाले, "घासलंय, धाकट्या!" सगळं नेहमीसारखं. नवं कुलूप दारात बसून तेव्हा सहा दिवस झाले होते.

सणाच्या सकाळी थोरले आणि वहिनी लेकीला आणि नातवंडाला आणायला बसस्टँडवर गेले. निघताना वहिनी माझ्याशी दोन मिनिटं बोलल्या. भोपळ्याचं सूप मंद आचेवर ठेवलंय, बाराला भाऊजी बंद करतील, म्हणाल्या. मी "बरं बरं" म्हटलं. माझ्या डोक्यात कुलूप आलंच नाही. त्यांच्याही आलं नाही. चोवीस वर्षांची सवय; हात आपले आपण काम करतात, डोकं मागून येतं.

बारा वाजून दोन मिनिटांनी काका वर गेले. दहा मिनिटं झाली तरी खाली येईनात. मला राहवतं होय? मी गेले. काका दारासमोर उकिडवे. जुनी किल्ली हातात. त्यांनी ती पुन्हा घालून बघितलीही नसावी. नुसते कुलपाकडे बघत होते, डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरने घातलेल्या टाक्यांकडे बघतो तसे. दाराखालून सुपाचा वास येत होता, आणि त्या वासाच्या बुडाशी किंचित करपट.

"नवीन आहे," काका म्हणाले.

त्यांनी कुलपाच्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"चौकातल्याचं काम. पट्टी तिरकी बसवलीय त्याने. खालचा स्क्रू पूर्ण आतच गेलेला नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं."

"मला वाटलं, तुम्हाला सांगितलं असेल…"

"तुम्हाला वाटलं!" काका हसले. तसं हसणं मी त्यांच्याकडून ऐकलेलं नाही. "बातमीबाई, अख्ख्या इमारतीला सांगता, मांजरालासुद्धा सांगता. मी काय घोडं मारलं होतं?"

मी घाईघाईने थोरल्यांना फोन लावला. फोन आत वाजला, टेबलावर. वहिनींना लावते म्हटलं.

"कशाला?" काका म्हणाले. "दाराने सांगितलंय की सगळं."

"अहो पण सूप! काका, तुम्हाला मिनिटभराचं काम आहे. उघडा."

"मिनिटही लागणार नाही." त्यांनी हात खिशाकडे नेलासुद्धा. खिशात तारांची पुडी असते, ती बोटांत आली. चाळीस माणसांचं सूप आत करपत होतं, भावाचं घर होतं, उघडलं असतं तर कोणाची काय छाती होती बोलायची? त्यांनी पुडी परत खिशात घातली. "ज्याने मला बाहेर ठेवायला कुलूप लावलं, त्याच्या घरात मी तारेने शिरू? मग चोरात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

ते उठले, तळमजल्यावर गेले, जिन्याखालची मीटरची पेटी उघडली आणि तिसरा मजला, उजवं दार, असं लिहिलेला फ्यूज खेचून काढला. वहिनींची शेगडी विजेची. सूप बंद. घड्याळ बारा वाजून सतरा मिनिटं.

मग काका उरलेल्या यादीला लागले. ढवळायचं ते ढवळलं, उलटायचं ते उलटलं. एकही पदार्थ बिघडू दिला नाही. पण त्या दिवशी कुठल्याच घरातली बशी उचलली नाही. बिस्किटं तशीच, चिठ्ठ्या तशाच टेबलावर. नर्सबाईंनी नंतर सांगितलं की त्यांच्याकडे ठेवलेला काकांच्या लाडक्या लिंबू-केकचा तुकडासुद्धा मुंग्या खाऊन गेल्या.

तीन वाजता मी अंगणात ताटं मांडायला गेले तर ताटं मांडलेलीच होती. आणि प्रत्येक घराच्या पहिल्या ताटात एक किल्ली. माझ्या ताटात माझी. बाकीचे येत गेले, बघत गेले. बसड्रायव्हरला वाटलं बक्षीस आहे.

"हे काय, काका?"

"आपापली घेऊन ठेवा. फळी काढलीय मी."

कोणी म्हणालं, असं काय करता; कोणी म्हणालं, राहू द्या हो तुमच्याकडेच. औषधवाल्या बहिणींनी आपली किल्ली तिथल्या तिथे परत त्यांच्याकडे सरकवली. पण खोटं कशाला बोलू, चौघांनी किल्ली मुकाट्याने खिशात घातली. इकडे तिकडे बघत, जणू बिस्किट चोरतायत. त्यांना किल्ली परत हवी होती की काका नको होते, ते त्यांचं त्यांना ठाऊक. काकांनी ते चौघेही बघितले. मी कोणात होते ते मी सांगणार नाही. पण किल्ली सध्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

साडेतीनला थोरले आले. वहिनी, लेक, कडेवर नातू. वर गेले आणि थोरल्यांचा आवाज जिना उतरून आला. "आमच्याच घरात वीज नाही! फ्यूज कोणी काढला?"

"मी," काका खालून म्हणाले.

थोरले जिन्यात आले. सगळी इमारत कान देऊन.

"का?"

"सूप करपत होतं. दार उघडेना."

वहिनींचा हात तोंडावर गेला. "अगंबाई! भाऊजी, मी चिठ्ठी लिहून ठेवलीय तुम्हाला, टेबलावर!"

"वाचली असती, वहिनी. पण किल्लीच्या भोकातून अक्षर लहान दिसतं."

थोरले दोन पायऱ्या खाली उतरले. "मी सांगणारच होतो तुला."

"कधी?"

"सण झाला की."

"म्हणजे सण माझ्याकडून उरकून घेतला की."

"तसं नाही रे. तू आम्ही नसताना घरात येऊन बसायचास, धाकट्या. सहा वर्षं. एका शब्दाने बोलला नाहीस."

"बसायचो. आईच्या खिडकीपाशी."

"विचारायचंस!"

"तू सांगायचंस! नको येऊस, एवढं तोंडावर म्हणायचंस. मी काय वर चढलो असतो?" काकांचा आवाज फुटला आणि त्यांनी तो खोकून जागेवर आणला. "आणि कुलूप बदलायचंच होतं तर चौकात कशाला गेलास? मला सांगायचंस. मी बसवून दिलं असतं. सरळ बसवलं असतं."

"तुझ्याविरुद्धचं कुलूप तुलाच बसवायला सांगू? कुठल्या तोंडाने?"

"त्याच तोंडाने, ज्याने आठ दिवस 'घासलंय, धाकट्या' म्हणत होतास."

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही काकांसाठी कुलूप बदललंत?" तेव्हा तो माणूस खरोखर खाली बसला, पायरीवर.

सूप आणायला वहिनींबरोबर मी वर गेले. फ्यूज बसवला होता, दिवा लागला. स्वयंपाकघरात खिडकीपाशी एक खुर्ची ओढून ठेवलेली. खिडकीच्या कट्ट्यावर झाकलेला चहाचा पेला, गार झालेला. टेबलावर चिठ्ठी. मी वाचली, वाचणारच. "भाऊजी, बाराला बंद करा. मीठ चाखून बघा. चहा खिडकीपाशी ठेवलाय, दमला असाल, बसा थोडं. घाई करू नका."

वहिनी चिठ्ठीकडे बघत उभ्या. "बघा ना," म्हणाल्या, "सगळं ठेवलं. खुर्चीसुद्धा ठेवली. किल्ली तेवढी द्यायची राहिली." आणि सुपाच्या पातेल्याचे कान धरून ढसाढसा रडल्या. सूप थोडं करपलंच होतं. त्याला मीठही कमी होतं, ते मी काही बोलले नाही.

त्यांनी ती चिठ्ठी खाली नेऊन काकांच्या ताटाशी ठेवली. काकांनी वाचली. घडी घातली. डब्यात टाकायला उठले नाहीत, फाडलीही नाही. ताटाखाली सरकवून दिली.

चार वाजता सगळे बसले. सूप वाढलं. नर्सबाईंनी चमचा वाजवला आणि आभार सुरू झाले. ड्रायव्हरने माझे मानले, मी त्याच्या बायकोला त्याचा पगारवाढीचा निकाल त्याच्या आधी सांगितला म्हणून. लोक हसले, पण हसून झाल्यावर पुन्हा टेबलाच्या त्या टोकाकडे बघत होते. सात घरांनी काकांचं नाव घेतलं. औषधवाल्यांपैकी धाकटी म्हणाली, "आज सगळं वेळेवर बंद केल्याबद्दल, मन नसताना." मिठाच्या बाटलीला काकांनी हात लावला नाही. सरळ समोर बघत बसले होते.

त्यांची पाळी आली. दर वर्षी ते तेराव्या घराचे आभार मानतात, म्हणजे स्वतःचे, आणि सगळे टाळ्या वाजवतात. या वेळी म्हणाले, "माझी पाळी पुढच्या वर्षी घेईन." नर्सबाईंनी चमचा वाजवायचा थांबवला.

शेवटी थोरले उठले. टपाल कचेरीत निरोप समारंभालासुद्धा न थरथरणारा माणूस, खुर्चीची पाठ धरून उभा होता.

"बारीक गोष्ट सांगायची असते," ते म्हणाले. "आमचं सूप पूर्ण करपलं नाही. खालून, दाराबाहेर उभं राहून वाचवलं. त्याबद्दल." खिशातून एक नवी कोरी किल्ली काढली, अजून तिच्या दात्यांना वापराची चमक आलेली नव्हती. ती त्यांनी टेबलावरून लांबवर, सगळ्यांच्या ताटांवरून हात करून, काकांपुढे धरली. "ही तुझी, धाकट्या. घे. बुधवारी ये. आम्ही असलो तरी ये, नसलो तरी ये."

लेकीच्या डोळ्यांत पाणी. नातवाने तेवढ्यात लिंबाला हात लावला आणि ते घरंगळत निघालं. कोणी अडवलं नाही. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात किल्ली उचललीसुद्धा होती, आणि सूप खायला हात चमच्याकडे गेले होते.

काकांनी किल्लीकडे बघितलं. मग भावाकडे. हात टेबलाखालीच ठेवला आणि म्हणाले, "ती ठेव तुझ्याकडे, दादा. किल्ल्या मला बनवता येतात. आता मी येईन तेव्हा बेल वाजवीन, आणि तू उठून दार उघडायचंस."